समोरचा दात

४ जानेवारी

डबीतून दात काढून मी खिडकीकडे वळलो तेव्हा मालक मागून म्हणाला, "तू बघ म्हणजे झालं. मी काही बोलत नाही."

काही बोलत नाही म्हणणाऱ्याकडे बोलायला बरंच असतं.

मी केलेला दात परत आला आहे. वरचा, समोरचा, डावा. बँकेतल्या कुणा बाईचा. घाईवाल्याने चिठ्ठी जोडली होती, "जरा पिवळा वाटतो." घाईवाला म्हणजे आमच्या लॅबला सर्वांत जास्त कामं देणारा दंतवैद्य. एका पेशंटला भूल देता देता दुसऱ्याला आत बोलावतो. त्याच्या दवाखान्यात भिंती हिरव्या, दिवे निळसर, आणि स्वतः तो तपकिरी शर्टावर करडा टाय घालतो. अशा माणसाला दात पिवळा वाटतो.

मी कंपनीची शेडगाईड काढली. नमुन्याच्या दातांची माळ ती. पांढऱ्यापासून मातकटापर्यंत माणसाच्या तोंडात असू शकतात त्या सगळ्या छटा. सांगितलेली छटा दाताशेजारी धरली.

"तंतोतंत आहे."

मालकाने मेणवालीकडे पाहिलं. ती दातांवरच्या धातूच्या टोप्यांसाठी मेणाचे नमुने कोरते, अलीकडे दाढांवर पोर्सेलिनही चढवते. बरं चढवते, पण समोरच्या बाजूवर एक उभी पन्हळ ठेवते, केसाएवढी, मध्याच्या जरा डावीकडे. ब्रशच्या शेवटच्या फटकाऱ्याने पडते. गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. तिचं काम मी अंधारात बोट फिरवून ओळखेन.

"दिसतोय बाई थोडा," मेणवाली म्हणाली. "पिवळा."

"तुला मेण दिसतं. तेवढंच बघ."

"बरं सर. मेण तरी पिवळंच असतं, नाही का?"

मालक हसला नाही. आम्ही दोघं एकाच वर्गात ही विद्या शिकलो. त्याला हात नव्हता म्हणून त्याने लॅब काढली, मला हात होता म्हणून मी त्याच्याकडे नोकरीला लागलो. जग असं चालतं. तो म्हणाला, "थोडे दिवस समोरचे दात हिला देऊन बघू का? तू दाढा कर. जरा आराम."

दाढ अंधारात राहते. ती कुणीही करतं. समोरचा एकटा दात शेजारच्या खऱ्या दाताला जुळवणं ही या धंद्यातली एकच गोष्ट आहे जिला कला म्हणावं, आणि या शहरात ती करणारा मी आहे. खिडकीजवळची खुर्ची त्यासाठी आहे. मी त्याला म्हणालो, "खुर्चीवर बसायला हिला उशी लागेल."

मेणवाली म्हणाली, "उशी घरून आणेन."


७ जानेवारी

साखरेच्या डॉक्टरकडे. दर वेळी तीच बाकं, तीच माणसं. साखरवाल्यांसारखी कंटाळवाणी जमात नाही. एकमेकांना आकडे सांगतात, शाळेतली मुलं मार्क सांगतात तसे. एक गृहस्थ मेथीदाण्याबद्दल इतक्या भक्तीने बोलत होते की मी उठून उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाला, तीन महिन्यांची सरासरी वाईट आहे. मी म्हणालो, सरासरी कुणाचीही वाईटच असते. त्याने डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगितलं. मी त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत खालची ओळ बसल्या जागेवरून वाचून दाखवली. मग तक्ता छापणाऱ्याचा पत्ताही वाचला. त्याने तरीही चिठ्ठी दिली. डॉक्टर लोकांना एकमेकांकडे माणसं पाठवायची सवय असते; आपल्याकडे आलेलं संकट पुढे ढकलायचं.


१५ जानेवारी

मेव्हणीचा दात पडला. पडला म्हणजे शाळेत मैदानावर चेंडू लागून अर्धा तुटला. वरचा, समोरचा, उजवा. ती खेळाची शिक्षिका. तोंडावर रुमाल धरून संध्याकाळी घरी आली, आणि रुमालातूनच बोलत होती.

"भाऊजी, तुमची तर चांदी झाली. घरचंच गिऱ्हाईक."

"रुमाल काढ."

"पैसे घेणार नसाल तर काढते."

काढला. उरलेला तुकडा पाहिला, शेजारचा दात पाहिला. चांगले दात आहेत तिचे. माझी ही आणि ती सख्ख्या बहिणी, पण दात सगळे धाकटीने नेले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्हीच करा हो. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

मेव्हणी म्हणाली, "ताई, विचार कर. ह्यांनी राग काढला माझ्यावर तर मी जन्मभर तो राग घेऊन हिंडणार. वर्गातली पोरं मोठी द्वाड आहेत. दात जरा वेगळा दिसला की नाव पडलंच."

मी मालकाला फोन केला. सांगितलं, हा दात मी करतो, आणि घाईवालाच बसवेल. त्याने त्याच्या तोंडाने 'बरोबर आहे' म्हटलं की समोरच्या दातांचा विषय बंद. परत पाठवला तर खुर्ची मेणवालीला दे, उशीसकट.

मालक म्हणाला, "पैज कशाला?" पण नाही म्हणाला नाही.


१९ जानेवारी

मेव्हणीला लॅबमध्ये बोलावून छटा घेतली. खिडकीत बसवलं, ओठांचा रंग पुसायला लावला, अंगावर करडं कापड टाकलं. "न्हाव्याकडे आल्यासारखं वाटतंय," म्हणाली. माळेतला एकेक नमुना तिच्या दाताशेजारी धरला. पूर्वी पहिल्या नजरेत छटा सापडे. आज तीन-चार नमुने सारखेच योग्य वाटले. हल्ली कंपन्या माल असाच काढतात, एकाला झाकावं दुसऱ्याला काढावं.


२३ जानेवारी

डोळ्यांची डॉक्टरीण. तरुण. मला "काका" म्हणाली. मी तिचा काका केव्हा झालो माहीत नाही.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालण्याआधी तिने तक्ता वाचून घेतला. अर्थातच सगळा वाचला. मग विचारलं, "काका, काम काय करता?" सांगितलं. कोणत्या छटा, कशा जुळवायच्या, शहरात दुसरा कुणी का नाही. ती गप्प झाली. लोक सहसा कौतुकाने गप्प होतात.

मग तिने एक लाकडी पेटी काढली. आत छोटी रंगीत झाकणं. रंगांच्या क्रमाने लावा म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. गवयाला सारेगम म्हणायला लावण्यातला प्रकार. भराभर लावली. मधली काही झाकणं, निळसर-हिरवट आणि मोरपंखीच्या आसपासची, एकमेकांपासून वेगळी नव्हतीच. तीही लावली कशीतरी. मी तिला सांगितलं, तुमच्या झाकणांचा रंग उडाला आहे, हाताचं तेल लागून उडतो, बदलून घ्या. ती "हो का?" म्हणाली.

झाकणं उलटी करून मागचे आकडे तिने एका वर्तुळावर मांडले आणि ठिपके रेषेने जोडले. रेषा वर्तुळावरून जायची सोडून या टोकाकडून त्या टोकाकडे आडव्या पळत होत्या. बाईची चित्रकला बेताची.

थेंब घातल्यावर आत प्रकाश टाकून पाहिलं. म्हणाली, "पडद्यावरच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. कुठे रक्तस्राव नाही, सूज नाही." मी म्हणालो, झालं तर मग. ती म्हणाली, "एक स्कॅन करू या. पुढच्या वेळी काकूंना घेऊन या."

तक्ता पूर्ण वाचला, वाहिन्या स्वच्छ, आणि तरी स्कॅन. मशीन घेतलं असेल नवीन, त्याचे हप्ते असतील.


३० जानेवारी

मेव्हणीचा दात घाईवाल्याकडे तात्पुरत्या सिमेंटने बसवला. मी समोर उभा होतो. आकार असा उतरला होता की मीच काही वेळ पाहत राहिलो. आतला कोपरा धारदार, बाहेरचा गोल, कडेला तीन पुसट पाकळ्या, दोन दातांमधल्या फटीत बरोबर तेवढीच सावली.

घाईवाल्याने आरसा तिच्या हातात दिला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"भाऊजी, हा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे."

"म्हणजे?"

"माझे दात माझ्या वयाचे आहेत. हा तुमच्या वयाचा वाटतो. चहा पितो, सुपारी खातो."

घाईवाला घाई विसरून हसला. म्हणाला, "पिवळा आहे. चांगलाच." त्याची सहायक मुलगी मान डोलावत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी दिव्यांबद्दल सांगितलं, भिंतींबद्दल सांगितलं. घाईवाला सगळ्यांना जिन्यात घेऊन गेला, उजेडात. तिथेही सगळे पिवळाच म्हणाले. एकाने म्हटलं की दुसऱ्याला तसंच दिसतं. मेंढरं. मला मात्र शेजारच्या दातात आणि त्यात काडीचा फरक दिसत नव्हता. कुणाला रंग पाहायला शिकवलेलं आहे, त्यांना की मला?

मालकाला फोन केला. तो म्हणाला, "पैज विसर. पुन्हा कर." हा मोठेपणा मला नको होता. घेतला.


२ फेब्रुवारी

कारण सापडलं. शेडगाईडच उडाली आहे. प्रत्येक पेशंटनंतर आम्ही ती जंतुनाशकाने पुसतो, वर्षानुवर्षं. त्याने नमुन्यांवरचा रंग मरतो. हे शिकताना वाचलेलं होतं. म्हणूनच तीन-चार नमुने सारखे दिसतात. मी खोट्या मापाने खरं कापड कापत होतो.

मालक म्हणाला, "नवीन मागवतो." मी म्हणालो, कंपनीची नवी माळही तसलीच. मीच करतो. ज्या पोर्सेलिनचे दात करतो त्याच पोर्सेलिनचे नमुने भाजतो. रंग डोळ्याने लावतो. माझ्या.

मेणवाली म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मेणाला म्हणाली, असं तिचं म्हणणं पडलं.


९ फेब्रुवारी

माळ तयार. प्रत्येक छटा दुसरीपासून स्वच्छ वेगळी. सौम्य उतार, कुठे अडखळत नाही. हे काम कंपनीतल्या दहा माणसांना जमलं नाही. खिळा ठोकून खिडकीशेजारी टांगली. जुनी कचऱ्यात टाकणार होतो. मेणवालीने मागून घेतली. "आठवण म्हणून," म्हणाली. तिला कसली आठवण?

मालक माळ बराच वेळ हातात धरून उभा होता. एकदा माझ्याकडे पाहिलं, घरात कुणी आजारी असल्यावर पाहतात तसं. चांगलं काम पाहिलं की त्याला अजूनही वर्गातल्यासारखं वाईट वाटतं.


११ फेब्रुवारी

इमारतीच्या नव्या जिन्यावर पाय चुकला. पायरी आणि चौक, दोन्हींना एकच करडी फरशी. कडेला पट्टी नाही. कंत्राटदाराला अक्कल नाही. गुडघा खरचटला. संध्याकाळी पांढऱ्या कपात दूध ओतताना कपाबाहेर ओतलं. ही म्हणाली, "लक्ष कुठे आहे?" ओटा पांढरा, कप पांढरा, दूध पांढरं. ही रचना माझी नाही.


१६ फेब्रुवारी

मेव्हणीचा दुसरा दात बसवला. माझ्या माळेने केलेला. घाईवाल्याने पाहिलं, मेव्हणीने आरशात पाहिलं, तिच्याबरोबर आलेल्या हिने पाहिलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छान आहे," मेव्हणी म्हणाली.

"बरोबर आहे?"

"छान आहे हो भाऊजी. झालं ना आता."

घाईवाल्याने या वेळीही तात्पुरतंच सिमेंट लावलं. "थोडे दिवस राहू दे, हिरडी बसू दे," म्हणाला. पण चिठ्ठी नाही, हरकत नाही. मी त्याला विचारलं, "मालकाला काय सांगू?" तो हात धुवायला वळला होता. "सांगा, बसला," म्हणाला.

बसला. खुर्ची माझी.

जाताना जिन्यात मेव्हणीला मी घाईवाल्याच्या टायबद्दल काहीतरी सांगितलं. ती हसली, पण ओठ मिटून. पूर्वी घोड्यासारखी हसायची. वय होतं माणसाचं.


२० फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरिणीकडे, हिला घेऊन. स्कॅन. मशीनवर हनुवटी टेकायची आणि आतल्या ठिपक्याकडे पाहायचं, दुखत नाही. मग पडद्यावर चित्र आलं. भूगोलाच्या पुस्तकात जमिनीचे थर दाखवतात तसे थर.

ती जे म्हणाली ते लिहून ठेवतो, पुढे हसायला. डोळ्याचा पडदा म्हणजे नुसत्या रक्तवाहिन्या नव्हेत. त्यात मज्जापेशी असतात, मेंदूत असतात तशा. पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला तुकडा. वाढलेली साखर पुष्कळांच्या बाबतीत वाहिन्या बिघडायच्या आधी या पेशींना गाठते. त्या थकतात, एकमेकींना निरोप नीट देत नाहीत, काही मरतात. त्यांचा आतला थर माझ्या डोळ्यांत असायला हवा त्यापेक्षा पातळ आहे. तक्ता वाचता येतो, कारण काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक अजून पोचतो. सूक्ष्म फरक पोचत नाहीत. निळ्या-पिवळ्याच्या बाजूचे आधी जातात. करड्यावरचं करडं जातं.

"मेलेल्या पेशी परत येत नाहीत, काका. साखर आवरली तर उरलेल्या टिकायची शक्यता वाढते."

मी म्हणालो, "वाहिन्या स्वच्छ आहेत असं तुम्हीच म्हणालात."

"आहेत. म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही."

म्हणजे दिसत नाही असा आजार, डॉक्टरला सापडतो असा, आणि ज्याला आहे त्याला कळत नाही असा. मग असला काय नसला काय. मी तिला पुन्हा झाकणांबद्दल बोललो. अजून बदललेली नव्हती.

हिने फार प्रश्न विचारले. पायऱ्यांचं विचारलं, दुधाचं विचारलं. "यांना कामाचं काय सांगायचं?" असंही. जणू मी तिथे नव्हतोच. परतताना ही खिडकीबाहेर पाहत बसली. घरी आल्यावर गॅलरीत जाऊन दार ओढून बराच वेळ फोनवर. आधी बहिणीशी. मग आणखी कुणाशी तरी, कारण "अहो भावजी, ऐका ना" असं ऐकू आलं. असं ती फक्त मालकाला म्हणते. लॅबच्या वार्षिक जेवणाचं असेल.


५ मार्च

माझी माळ टांगल्यावर पहिले काही दिवस दोन-चार दात परत आले. सवय व्हायला वेळ लागतोच. गेल्या पंधरवड्यात मात्र एकही नाही. एकही. मालकाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हो ना, बघ," आणि आत गेला. कबूल करायला जड जातं.

मेणवाली हल्ली माझ्या आधी येते. मी पोचतो तेव्हा भट्टी गरम असते. वीज वाया घालवते. पोर्सेलिनच्या फिक्या पावडरची बाटली भराभर रिकामी होते आहे. मी ती क्वचित वापरतो. दाढांना एवढी कशाला लागते म्हणून विचारलं. "दाढा हल्ली मोठ्या असतात सर," म्हणाली.

मेव्हणीचा फोन आला होता. घाईवाल्याने दात पक्क्या सिमेंटने बसवला. फोनवर काहीतरी सांगून हसली, पूर्वीसारखी खिंकाळून. ऐकून बरं वाटलं. माणसाला दात द्यावा तर असा.


१० मार्च

मालकाने जेवणाच्या सुट्टीत बाहेर नेलं. म्हणाला, आता तू शिकव. नुसतं बघत जा, आकार सांगत जा, आकारात तुझा हात कुणी धरणार नाही. पगार तोच.

"आकारात म्हणजे?"

"म्हणजे एकूणच रे."

त्याचा डाव मला कळतो. मेणवालीला मी तयार करायची आणि मग खुर्ची तिची. मी म्हणालो, ज्याचा दात परत येत नाही त्याने जागा कशाला सोडायची? त्याने खिशातून पैसे काढून मोजले. मग म्हणाला, "चल, सुट्टी संपली." मालक असून सुट्टी संपल्याची भीती. गंमत आहे.


१४ मार्च, रविवार

मेव्हणी दुपारी जेवायला आली होती. गॅलरीचं दार उघडं, उजेड तिच्या डाव्या बाजूने येत होता. ती मुख्याध्यापिकेची नक्कल करत होती. शिट्टी हरवली म्हणून बाईंनी चौकशी समिती नेमली, आणि शिट्टी समितीच्या अध्यक्षांच्या खिशात वाजली. ही पदर तोंडाला लावून हसत होती. मेव्हणी मान मागे टाकून हसली, सगळे दात दाखवून.

तिरप्या उजेडात त्या दातावर एक उभी सावली पडली. केसाएवढी. मध्याच्या जरा डावीकडे.

मी घास ताटात ठेवला.

"तोंड उघड."

"भाऊजी, जेवू द्या की. दात कोरून पोट भरत नाही."

"उजेडाकडे तोंड कर."

केलं. मी जवळ जाऊन पाहिलं. आतला कोपरा गोल. माझा आतला कोपरा गोल नसतो. पाकळ्या नाहीत. पन्हळ.

"हा माझा नाही."

हिने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"हा मेणवालीने केलाय. माझा कुठे आहे?"

ही उठली. कपाटातून बटणांचा डबा आणला. तळाशी कापसात गुंडाळलेला दात होता. माझ्या हातावर ठेवला. "टाकवला नाही," म्हणाली.

मी मेव्हणीला गॅलरीत उभं केलं. माझा दात तिच्या तोंडातल्या दाताशेजारी धरला. आकाराने माझा शंभर पटींनी चांगला. ते लांबूनही कळावं. रंग पाहिला. एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. दात ओला करून पाहिला. दोन्हींच्या रंगात फरक नव्हता. दोन्ही सारखे, आणि दोन्ही तिच्या खऱ्या दातासारखे.

"यात पिवळा कुठला?"

मेव्हणीने हिच्याकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतेस? सांग."

तिने नखाने माझ्या हातातल्या दाताला स्पर्श केला.

"किती?"

"चला भाऊजी, जेवण गार होतंय."

"किती पिवळा?"

"लांबून दिसतो," ती म्हणाली. "वर्गात शेवटच्या बाकावरून दिसत होता."

एवढं बोलून ती थांबली. मी तिची कोटी यायची वाट पाहिली. आली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिने मला सोडून दिलं.

मग एकेक करून विचारलं. मालकाला माहीत होतं. घाईवाल्याला माहीत होतं. माझे समोरचे दात मेणवाली रोज सकाळी लवकर येऊन जुन्या माळेवर पुन्हा करत होती. मी म्हणालो, "म्हणजे सगळ्यांनी मिळून मला शोभेचा करून खिडकीत बसवलंत."

ही म्हणाली, "मग काय करायचं होतं? डॉक्टरीण जीव तोडून सांगत होती, आणि तुम्ही तिला झाकणं बदला म्हणून सांगत होतात."

तिचे डोळे भरले होते. भरलेले दिसले. ते दिसतं.

जेवण झाल्यावर मेव्हणीने स्वतः माझं ताट उचललं. निघताना दारात घुटमळली. "भाऊजी, मी तुमचाच लावून फिरले असते. ताई नको म्हणाली. पोरं हसतात हे तुम्हाला एक दिवस दुसऱ्या कुणाकडून कळेल म्हणाली."

मी म्हणालो, "पोरांनी नाव काय ठेवलं होतं?"

"पिवळी शिट्टी."

"वाईट नाही."

दात पुन्हा कापसात गुंडाळून ठेवला. खोलीत येऊन हे लिहितो आहे. मागची पानं वाचली नाहीत. ती झाकणं बहुधा चांगली होती.


१५ मार्च

सकाळी लवकर लॅबमध्ये गेलो. मेणवाली आलेली होती, भट्टी गरम होती. मला पाहून तिने समोरचा दात तळहाताखाली झाकला. मी म्हणालो, राहू दे. माझी माळ खिळ्यावरून काढली आणि तिची जुनी तिथे टांगली. खिडकीजवळच्या खुर्चीची उंची तिच्यासाठी वाढवली. स्क्रू गंजला होता, वेळ लागला. मग तिच्या मेणाच्या टेबलाशी बसलो. चहा आला. बिनसाखरेचा घेतला. वाईट होता. ती ब्रश फार ओला धरते. तसं सांगितलं.